तडीपार आणि तडीस

'तडीपार' हा शब्द आपल्या भाषेत किती सहज वावरतो! तड म्हणजे काठ; त्या काठापलीकडे ज्याला लोटून दिले तो तडीपार. याच तडीपासून मराठीत दुसराही एक प्रयोग रूढ आहे : काम तडीस नेणे. पहिल्यात माणूस हद्दीबाहेर जातो, दुसऱ्यात काम शेवटाला पोचते. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या पट्ट्यातील वृत्तपत्रांची स्थानिक पाने नियमाने वाचणाऱ्याला पहिला प्रयोग वारंवार भेटतो, दुसरा क्वचित. 'सराईत गुन्हेगार दोन वर्षांसाठी तडीपार', 'अट्टल गुंड वर्षभरासाठी स्थानबद्ध' असे मथळे असतात. खाली नोंदवलेल्या गुन्ह्यांची संख्या असते. त्यांपैकी किती गुन्हे न्यायालयात सिद्ध झाले, हे मात्र बहुधा लिहिलेले नसते, आणि ते विचारण्याची वाचकालाही सवय उरलेली नाही.

आम्ही मराठीचे अध्यापक. कायद्याचे पंडित नव्हे. परंतु हा प्रश्न निम्मा भाषेचाच आहे असे आमचे मत आहे. 'गुन्हेगार' हा शब्द न्यायालयाच्या निकालानंतर लागावा की पोलिसांच्या प्रस्तावानंतर, हा वाद शब्दाच्या अर्थाचाच वाद होय. आमचा दावा थोडक्यात असा : ज्या व्यवस्थेला खटला तडीस नेता येत नाही, ती माणसाला तडीपार करते आणि त्यालाच समाजाचे संरक्षण म्हणते. समाजाला यातून संरक्षण मिळत नाही. मिळते ते संरक्षणाचे वृत्त.

प्रथम कायदा काय आहे ते पाहू. आपल्याकडे दोन हत्यारे आहेत. पहिले १९५१ च्या पोलीस अधिनियमातील हद्दपारीचे. कलम ५५, ५६ व ५७ यांखाली टोळी, धोकादायक हालचाली करणारा इसम किंवा पूर्वी शिक्षा झालेला इसम यांना जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर काढता येते. दुसरे हत्यार १९८१ चे. त्याला सगळे एमपीडीए म्हणतात, पण त्याचे अधिकृत मराठी नाव एकदा पूर्ण वाचण्यासारखे आहे : झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार यांच्या विघातक कृत्यांना आळा घालण्याबाबतचा अधिनियम. १९९६ मध्ये या यादीत 'धोकादायक व्यक्ती' आल्या, २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट्स, २०१५ मध्ये वाळू तस्कर आणि अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारे. यादी वाढत गेली. कमी कधी झाली नाही.

या कायद्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी आदेश काढतो आणि माणूस एक वर्षापर्यंत तुरुंगात जातो. खटला नाही, आरोपपत्र नाही, शिक्षा नाही. पाच दिवसांत त्याला कारणे कळवायची, बारा दिवसांत शासनाने आदेशाला मान्यता द्यायची, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवायचे आणि मंडळाने सात आठवड्यांत अभिप्राय द्यायचा. या मंडळापुढे वकील घेऊन उभे राहण्याचा हक्क त्या माणसाला नाही. ज्यांच्या जबाबांवर आदेश बराचसा उभा असतो ते साक्षीदार 'अ' आणि 'ब' असतात. त्यांची नावे नसतात, उलटतपासणी नसते. 'धोकादायक व्यक्ती' या संज्ञेचा पाया म्हणजे शरीराविरुद्धचे आणि मालमत्तेविरुद्धचे गुन्हे सवयीने करणे. पण सवय सिद्ध करण्यासाठी एकही शिक्षा झालेली असण्याची गरज भासत नाही; नोंदवलेले गुन्हे पुरतात. म्हणजे आरोपांची बेरीज हाच पुरावा.

आता विरुद्ध बाजू. ती दुबळी नाही आणि तिला दुबळी करून मांडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. डिसेंबर २०२४ मध्ये कल्याण पूर्वेत एका अल्पवयीन मुलीचे अपहरण झाले, तिच्यावर अत्याचार झाला, तिची हत्या झाली आणि मृतदेह भिवंडीजवळ बापगाव परिसरात टाकून देण्यात आला. ज्याला अटक झाली त्याच्यावर त्याच भागात पूर्वीही लैंगिक अत्याचाराचे गुन्हे नोंदलेले असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. कोळसेवाडीतील बायका रस्त्यावर आल्या आणि त्यांनी विचारले : हा माणूस बाहेर कसा होता? हा प्रश्न रास्त आहे. त्याला 'व्यक्तिस्वातंत्र्य' असे एका शब्दात उत्तर देणारा माणूस त्या चाळीत राहत नसला पाहिजे. ज्या गल्लीत एखाद्या 'भाई'च्या भीतीने मुलींना शाळेचा रस्ता बदलावा लागतो, त्या गल्लीच्या दृष्टीने तो भाई वर्षभर दिसेनासा होणे हे सुखच आहे. ज्या साक्षीदाराला साक्ष दिल्यावर त्याच जिन्याने घरी जायचे असते, त्याची भीतीही खरी आहे. हा कायदा नेमका याच भीतीचा आधार घेऊन उभा आहे.

पण मग हाच प्रश्न शेवटपर्यंत विचारू या. तो माणूस बाहेर कसा होता? प्रतिबंधक कायदा नव्हता म्हणून? हा कायदा १९८१ पासून आहे, 'धोकादायक व्यक्ती' १९९६ पासून आहे. जामीन रद्द करून घेण्याची तरतूद नेहमीच्या फौजदारी प्रक्रियेत आहे. सराईतांकडून चांगल्या वर्तणुकीचा बंधपत्र घेण्याची, म्हणजे ज्याला पोलीस ठाण्यात 'चॅप्टर' म्हणतात ती, तरतूदही जुनीच. आणि बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचा २०१२ चा पोक्सो कायदा कलम ३५ मध्ये सांगतो की बालकाची साक्ष तीस दिवसांत नोंदवावी आणि शक्यतो एका वर्षात खटला संपवावा. एक वर्ष! एमपीडीएची कमाल मुदतही एक वर्षच. ज्या काळात राज्य माणसाला निकालाविना डांबून ठेवू शकते, तेवढ्याच काळात त्याच राज्याने खटल्याचा निकाल लावावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. पूर्वीचे गुन्हे वर्षभरात निकाली निघाले असते, तर तो माणूस एकतर शिक्षा भोगत असता किंवा निर्दोष ठरलेला असता. त्या बायकांच्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाच्या कारकुनाच्या कपाटात आहे. आयुक्तालयाच्या आदेशात ते सापडणार नाही.

त्या प्रकरणाचा शेवटही आपल्याला माहीत आहे. आरोपी एप्रिल २०२५ मध्ये तळोजा कारागृहात मृतावस्थेत आढळला. त्याच्यापुरता खटला तडीस गेलाच नाही. बदलापूरच्या शाळेतील प्रकरण ऑगस्ट २०२४ चे; त्यातील आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंब्रा बाह्यवळण रस्त्याजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांना जबाबदार धरले. चौकात पेढे मात्र आधीच वाटून झाले होते. दोन्ही मृत्यूंची कारणे वेगळी आहेत आणि आम्ही त्यांची सरमिसळ करीत नाही. पण दोन्हींचा परिणाम एक : काय घडले, कोणाच्या निष्काळजीपणामुळे घडले, कोणी तक्रारीकडे दुर्लक्ष केले, हे त्या आरोपीच्या खटल्यात, शपथेवर, उलटतपासणीत बाहेर येण्याची वाट बंद झाली. 'निकालाची वाट कशाला पाहायची?' ही वृत्ती एकदा मुरली की तिला वर्षभराची स्थानबद्धताही अपुरी वाटू लागते.

तडीपारीची गोष्ट तर याहून हास्यास्पद. ठाणे आयुक्तालयातील आदेशांत बहुधा ठाणे, मुंबई, मुंबई उपनगर आणि रायगड एवढे जिल्हे असतात. म्हणजे डोंबिवलीच्या पोराने कसारा लोकलने शेवटच्या स्थानकापर्यंत जावे आणि पुढे घाट चढून इगतपुरीला उतरावे. नाशिक जिल्हा सुरू झाला. ठाण्याच्या दृष्टीने समाज सुरक्षित झाला. इगतपुरीचे लोक हा समाज नव्हे काय? तिथे त्या माणसाला काम नाही, घर नाही, ओळख नाही, आणि त्याच्यावर नजर ठेवणारे कोणी नाही. नाशिकहून तडीपार झालेल्याने घाट उतरून आपल्याकडे यावे, असाच याचा उलटा हिशेब. कल्याणकरांना हा प्रकार परिचित असायला हवा. आधारवाडीत तुरुंग आहे आणि तिथेच २०२१ पर्यंत शहराचा कचरा पडत होता. धूर नाकात जाई तेव्हा आपण एकच मागणी करीत होतो : हे येथून हलवा. कुठे हलवणार, तिथे कोण राहते, हे आपण विचारले नाही. माणसांच्या बाबतीत आपण तेच धोरण चालवले आहे.

आणि तो जातो तरी का? 'तडीपार गुंड घराजवळून जेरबंद' हा आपल्या स्थानिक पानांवरचा दुसरा ठरलेला मथळा. आई इथे, बायको इथे, रिक्षा इथे. तो परत येतोच. मग हद्दपारीचा भंग हा नवा गुन्हा नोंदला जातो आणि पुढच्या प्रस्तावात 'सराईत' ठरवण्यासाठी तो जमेस धरला जातो. कायद्यानेच निर्माण केलेला गुन्हा कायद्याचे समर्थन करू लागतो. २०२२ मध्ये जालन्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, तो माणसाच्या संचारस्वातंत्र्यावर आणि कधी पोटावरही घाला घालतो, म्हणून तो जपून वापरावा. डिसेंबर २०२४ मध्ये याच न्यायालयाने हातभट्टीच्या गुन्ह्यांवरून महाराष्ट्रात झालेली एक एमपीडीए स्थानबद्धता रद्द केली, कारण कायदा-सुव्यवस्थेचा साधा भंग आणि सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद न्यायालयाने १९६५ च्या लोहिया प्रकरणापासून सांगितला आहे. तो प्रशासनाला अजून पाठ होत नसेल, तर दोष विस्मरणाचा नसून सोयीचा आहे.

काही जण प्रगत देशांचा दाखला देतात : तिथेही धोकादायक गुन्हेगारांना शिक्षा संपल्यावरही डांबतात. होय, डांबतात. जर्मनीत अशी तरतूद १९३३ च्या नोव्हेंबरात आली, म्हणजे कोणाच्या राजवटीत हे सांगायला नको. ती पुढेही टिकली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कॅन्सस राज्याचा आणि ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००४ मध्ये क्वीन्सलँडचा असा कायदा वैध ठरवला. पण तिथे आधी गुन्हा सिद्ध झालेला किंवा निदान न्यायालयात आरोप ठेवलेला असतो, नंतर न्यायालयापुढे तज्ज्ञांची साक्ष होते, वकील असतो, ठरावीक काळाने फेरविचार होतो. इतके असूनही युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये जर्मनीला दोषी धरले आणि २०११ मध्ये जर्मनीच्याच घटना न्यायालयाने सांगितले की अशी कोठडी तुरुंगाहून स्पष्टपणे वेगळी असली पाहिजे, तिथे उपचार आणि सुटकेची वाट असली पाहिजे. इंग्लंडने २००३ च्या कायद्याने अनिश्चित मुदतीची शिक्षा आणली आणि २०१२ मध्ये ती नव्याने देणे बंद केले. तो वाद आहे शिक्षेनंतर काय करावे याचा. आपण शिक्षेआधीच डांबतो, आणि न्यायाधीशाऐवजी पोलीस आयुक्त डांबतो. त्यांच्या कायद्यातील कठोरपणा आपल्याकडे आहे. त्याला जोडलेली बंधने नाहीत.

आता, हे हत्यार कोणावर चालते? 'झोपडपट्टी गुंड' हा शब्द पुन्हा पाहा. इंग्रजी कायद्यातील 'स्लमलॉर्ड' म्हणजे जमीन बळकावणारा आणि तिच्यावर बेकायदा बांधकामे करून ती विकणारा वा भाड्याने देणारा. कायद्यातील व्याख्या तीच आहे. मराठीत येताना जमिनीचा लॉर्ड नाहीसा झाला आणि झोपडपट्टीतला गुंड तेवढा उरला. भाषांतर चुकले असे म्हणवत नाही. व्यवहार पाहता ते फारच अचूक आहे. खोट्या परवानग्या दाखवून डोंबिवली परिसरात उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तिथे हजारो कुटुंबांची आयुष्याची पुंजी अडकली आहे. त्यांना फसवणाऱ्यांवर बनावट कागदपत्रांचे, फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले, चौकशी पथके नेमली गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाड यांच्यावर गोळीबार केल्याचा आरोप आहे. तिथेही रीतसर अटक, रीतसर कोठडी, रीतसर वकील. आमची यावर तक्रार नाही. असेच व्हायला हवे! आमचा प्रश्न एवढाच की जी रीत आमदाराला आणि बिल्डरला लागू आहे ती कोळसेवाडीच्या किंवा मुंब्र्याच्या पोराला का लागू नाही?

ज्यांनी मराठी साहित्य वाचले आहे त्यांना याचे उत्तर ठाऊक असायला हवे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच सराईतपणा चिकटवला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये माणसे पिढ्यानुपिढ्या हजेरी देत राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि त्याची जागा निरनिराळ्या राज्यांत 'सराईत गुन्हेगार' कायद्यांनी घेतली. आपल्याकडचा १९५९ चा. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो अभ्यासक्रमात लागला, आम्ही तो शिकवला. गुन्हा घडला की आधी वस्तीवर धाड आणि मग तपास, ही त्या जगाची रीत वर्गात वाचताना मुले गप्प होतात. त्याच वर्गातून बाहेर पडलेला सुशिक्षित वाचक सकाळच्या पेपरात 'सराईत' हा शब्द वाचतो आणि त्याला काहीही आठवत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंग नियमावल्यांतील जातिभेदाविरुद्धच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच 'सराईत' शब्दाच्या सैल वापरावर बोट ठेवले आणि अशा कायद्यांची गरज आहे काय याचा विचार करण्यास राज्यांना सुचवले. ती याचिका पत्रकार सुकन्या शांता यांची होती. 

निकालाविना डांबण्याचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. १८९७ मध्ये रँडच्या खुनानंतर पुण्याच्या नातूबंधूंना १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली खटल्याविना कैदेत टाकले. त्या अन्यायाविरुद्ध आपले पूर्वज गर्जले. आणीबाणीत मिसाखाली हजारो माणसे आत गेली; कऱ्हाडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत बोलल्या म्हणून मराठी साहित्याची थोडी लाज राहिली. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या मिसाबंदींना मानधन सुरू केले. मध्यंतरी ते बंद झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. म्हणजे खटल्याविना तुरुंगात ठेवणे हा अन्याय आहे, हे शासन दरमहा रोख रकमेने मान्य करते. आणि त्याच शासनाचा गृहविभाग बारा दिवसांच्या आत नव्या स्थानबद्धतेला मान्यता देतो. राजकीय बंदी सज्जन होते, हे गुंड आहेत, असे यावर म्हटले जाईल. पण सज्जन कोण आणि गुंड कोण हे ठरवण्यासाठीच तर खटला असतो. मिसाच्या आदेशांतही समोरच्याला सज्जन म्हटलेले नव्हते.

उल्हासनगरचा धडा तर आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. पप्पू कलानी टाडाखाली सुमारे नऊ वर्षे तुरुंगात होते. तेथूनही ते निवडून येत राहिले. टाडाची जरब त्यांच्या दरबाराला मोडू शकली नाही. त्यांना जन्मठेप झाली ती डिसेंबर २०१३ मध्ये, कल्याणच्या न्यायालयात, १९९० मधल्या एका खुनाच्या साध्या, जुन्या कायद्याखालील खटल्यात. तेवीस वर्षे लागली ही शरमेची गोष्ट. पण जे काम असाधारण कायद्याला जमले नाही ते शेवटी साक्षीपुराव्याने केले. हा खटला तीन वर्षांत संपला असता, तर उल्हासनगरचा पुढचा इतिहास निराळा झाला असता की नाही, याचा विचार 'कडक कायदा हवा' म्हणणाऱ्यांनी करावा.

घटनेतच याला परवानगी आहे, हे आम्ही जाणतो. अनुच्छेद २२ मूलभूत हक्कांच्या प्रकरणात प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा देतो. सप्टेंबर १९४९ मध्ये तो घटना समितीपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांची भूमिका कमीत कमी संरक्षण तरी राहावे अशी होती; ती किमान मर्यादा होती, आदर्श नव्हे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा आणखी कडक केली : सल्लागार मंडळाविना तीन महिन्यांऐवजी दोनच महिने, आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनुसार. संसदेने संमत केलेले ते कलम त्यानंतर आलेल्या एकाही सरकारने अंमलात आणले नाही. आणीबाणीत डांबल्या गेलेल्यांच्या सरकारांनीही नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. एक : ठाणे आयुक्तालयाने दरवर्षी जाहीर करावे की किती जणांना तडीपार वा स्थानबद्ध केले, किती आदेश मंडळाने वा न्यायालयाने रद्द केले, आणि ज्या गुन्ह्यांच्या आधारे आदेश काढले त्यांपैकी किती खटल्यांचा निकाल लागला. दोन : सल्लागार मंडळापुढे वकील मिळावा, ज्याला वकील परवडत नाही त्याला विधी सेवा प्राधिकरणाने द्यावा. तीन : साक्षीदार संरक्षणाचा २०१७ चा राज्याचा कायदा आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना कागदावरून उतरवून पोलीस ठाण्यात आणावी. साक्षीदार 'अ'ची भीती खरी असेल, तर त्याला संरक्षण देऊन न्यायालयात उभे करा. त्याची भीती वापरून त्याला कायमचा निनावी ठेवू नका. चार : पोक्सोचे खटले वर्षात संपतील इतकी न्यायालये आणि इतके सरकारी वकील द्या. आणि शिक्षा भोगूनही एखादा माणूस खरोखर धोकादायक राहतो असे वाटत असेल, तर त्यासाठी वेगळा कायदा करा : सिद्ध गुन्ह्यानंतर, न्यायाधीशापुढे, पुराव्याने, उपचारासह. त्या कायद्यावर आम्ही जरूर चर्चा करू.

यांतील एकही मागणी गुंडांच्या बाजूची नाही. या मागण्या कल्याण पूर्वेतील त्या बायकांच्या बाजूच्या आहेत. त्यांनी न्याय मागितला होता आणि त्यांना तारखा मिळाल्या. पुढच्या वेळी 'वर्षभरासाठी स्थानबद्ध' हा मथळा वाचाल तेव्हा वर्षाने काय होणार आहे ते संबंधित पोलीस ठाण्याला लेखी विचारा. माणूस त्याच गल्लीत परत येईल, खटले त्याच कपाटात असतील, आणि साक्षीदार 'अ' आणि 'ब' पुन्हा त्याच जिन्याने घरी जातील.